सप्लाय कुठपर्यंत आला?

नाशिक रोडला बिटको चौकातून जेल रोडकडे वळा किंवा दत्तमंदिर चौकातून पुढे जा, झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो अशा पाट्या लावलेली दुकाने ठिकठिकाणी दिसतात. लॅपटॉप आणि मोबाइलच्या जमान्यातही या दुकानांचा संसार टेबलाखालच्या डेस्कटॉपवर चालतो. हिशेबनिसाची टॅली त्याच्यावर, लग्नपत्रिकांचे डीटीपी त्याच्यावर, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्जही त्याच्यावरच. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो चालू झाला नाही, की दारातली रांग आणि तंत्रज्ञाचा न उचललेला फोन यांच्या कात्रीत मालक सापडतो. तक्रार बहुधा एका वाक्याची असते, ‘डिस्प्ले येत नाही’. त्यावरचा इलाजही ठरलेला आहे. रॅम काढून खोडरबराने घासायची, नाही जमले तर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलून बघायचा, तरीही नाही तर बोर्ड गेल्याचे जाहीर करायचे. या तिन्हींपैकी एखादी गोष्ट पुष्कळदा लागू पडते आणि म्हणूनच ही रीत टिकून आहे. पण इलाज लागू पडणे वेगळे आणि बिघाड सापडणे वेगळे. त्या दोहोंमध्ये किती अंतर आहे आणि ते ओलांडायला काय लागते, हा या पुस्तकाचा विषय.

गंमत अशी की ज्या गावात ही रीत चालते, त्याच गावात बिघाड शोधण्याची दुसरी, कितीतरी जुनी आणि पक्की रीत रोज वापरली जाते. नाशिक रोड हे यंत्रांवर वाढलेले गाव आहे. १९२० च्या दशकात इथे प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले, १९२८ पासून नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. पलीकडे एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, आजूबाजूला सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती. या साऱ्या ठिकाणी मेंटेनन्सला असलेला माणूस बंद पडलेल्या मशीनजवळ गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो हा, की सप्लाय कुठपर्यंत आला? मेन स्विचला आहे का, फ्यूजच्या अलीकडे आहे आणि पलीकडे नाही असे आहे का, काँटॅक्टर ओढतो का. मोटर महाग आहे म्हणून तो आधी मोटर सोडत नाही, आणि ती सोडायला सोपी आहे म्हणूनही सोडत नाही. वीज ज्या वाटेने येते त्या वाटेने तो चालत जातो आणि ती जिथे थांबली तिथे थांबतो. हाच माणूस घरी मुलाचा संगणक बंद पडला की मात्र हात टेकतो, जणू त्या पेटीत वीज वेगळ्या नियमांनी वाहते. माझे म्हणणे एवढेच आहे की ती वेगळ्या नियमांनी वाहत नाही. सप्लाय कुठपर्यंत आला, हा प्रश्न डेस्कटॉपला विचारता येतो, आणि तो क्रमाने विचारला तर बहुतेक बिघाडांची जागा पार्ट विकत घेण्याआधी कळते.

संगणकाबद्दलचे हे बुजणे निराधार मात्र नाही. त्याचे एक तांत्रिक कारण आहे. १९९५ च्या आधीच्या, एटी पद्धतीच्या संगणकात पुढचे बटण म्हणजे खरोखरचा स्विच होता. घरातली २३० व्होल्टची वीज त्या बटणातून जात असे. बटण दाबले आणि काही झाले नाही, तर दोष वायर, बटण किंवा पॉवर सप्लाय यांच्यात आहे हे सरळ दिसे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचे काम बदलले. आता बटणातून वीज जात नाही, फक्त सूचना जाते. द्राक्षाच्या बागेला पाणी देणारा शेतकरी हे चटकन समजेल, कारण त्याच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये नेमके हेच असते. हिरव्या बटणातून मोटरचा करंट वाहत नाही, त्या बटणाने कॉइलला वीज मिळते आणि कॉइल काँटॅक्टर ओढते. कॉइललाच वीज नसेल तर बटण कितीही दाबा, मोटर ढिम्म हलणार नाही, आणि त्यात मोटरचा काही दोष नसेल. डेस्कटॉपमध्ये कॉइलच्या जागी पाच व्होल्टची एक छोटी राखीव वाहिनी असते. संगणक बंद असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत ती जिवंत असते. बटण दाबल्यावर मदरबोर्ड तिच्याच बळावर एसएमपीएसला ‘ऊठ’ म्हणून सांगतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य वाहिन्या चालू होतात, त्या स्थिरावल्या की एसएमपीएस ‘सगळे ठीक’ असा उलट निरोप धाडतो, आणि तो निरोप मिळाल्यावरच प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो. वाहिन्या स्थिरावल्यानंतर हा निरोप यायला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. एवढ्या क्षणात इतके टप्पे पार पडतात, आणि आपण त्या सगळ्याला मिळून ‘चालू होणे’ म्हणतो.

तपासणीची पहिली फोड यातूनच पडते. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखाही हलत नाही, ही एक अवस्था. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा राहतो, ही दुसरी. पहिलीत सप्लायची वाट तपासायची, दुसरीत सिग्नलची. दोन्ही तक्रारी दुकानात ‘डिस्प्ले येत नाही’ या एकाच नावाने येतात आणि पहिला घोटाळा तिथेच होतो, कारण पंखा न हलणाऱ्या यंत्राची रॅम घासण्यात अर्थ नसतो. रॅम पूर्ण काढून टाकली तरी सुस्थितीतला संगणक पंखे फिरवतो. पहिल्या अवस्थेत तपास अगदी टोकापासून करण्याचीही गरज नाही. अनुभवी इलेक्ट्रिशियन लांबच्या लाइनवर मधोमध टेस्टर लावतो आणि अर्धी लाइन एका फटक्यात संशयातून काढून टाकतो. इथे तो मधला बिंदू म्हणजे ती राखीव वाहिनी. अनेक बोर्डांवर त्यासाठी एक बारीक दिवा असतो. पुष्कळ संगणकांत यंत्र बंद असतानाही यूएसबी माउसच्या पोटातला लाल दिवा जळत राहतो किंवा मागच्या लॅन पोर्टचा दिवा लुकलुकतो. हे दिसले, तर भिंत, स्पाइक गार्ड, यूपीएस, पॉवर केबल आणि एसएमपीएसचा राखीव भाग हे सगळे एका नजरेत निर्दोष सुटले, आणि त्यासाठी पेटीचा एक स्क्रूही काढावा लागला नाही. दिवा नसेल तर मात्र लगेच एसएमपीएसवर आळ घेऊ नये, कारण सगळ्या बोर्डांवर तो नसतोच. तिथे मल्टिमीटरच खरे सांगतो. जांभळ्या वायरवर पाच व्होल्ट आहेत की नाहीत, बास.

राखीव वाहिनी आहे, पण बटण दाबून काही होत नाही, अशा वेळी संशय सर्वांत स्वस्त भागावर घ्यावा. पुढच्या पॅनेलचे बटण हे दिवसातून कितीदा तरी दाबले जाणारे प्लॅस्टिक आहे, ते मरते. त्याच्या दोन बारीक पिना बोर्डवर जिथे बसतात तिथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोड दिला आणि यंत्र उठले, तर बोर्ड गेल्याचे निदान काही रुपयांच्या बटणावर येऊन संपते. याच्याही पुढची कसोटी बाजारात सर्वांना ठाऊक आहे, ती म्हणजे एसएमपीएस बोर्डापासून सोडवून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडायची आणि पंखा फिरतो का ते पाहायचे. ही कसोटी चांगली आहे, पण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला जातो. पंखा न फिरल्यास एसएमपीएस बहुधा गेला, इतपत ती सांगते. फिरला म्हणजे तो चांगला आहे, असे ती सांगत नाही. पंखा फिरवायला लागणारा भार आणि प्रोसेसर जागा होताना पडणारा भार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. १२ व्होल्टची वाहिनी ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर गेली तर ती एटीएक्सच्या मर्यादेबाहेर गेली, आणि हे भार असतानाच मोजले पाहिजे. कंपनीच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तर कनेक्टर आणि वायरींचे रंग निराळे असू शकतात, तिथे हा प्रयोग माहितीपत्रक पाहिल्याशिवाय करूच नये.

तिसरीही एक अवस्था आहे, पहिल्या दोघींच्या सीमेवरची, आणि ती पाहणाऱ्याला सर्वांत जास्त सांगून जाते. बटण दाबताच पंखा अर्धा फेरा घेतो आणि थबकतो. इथे एसएमपीएस मेलेला नसतो, तो आपले काम चोख करत असतो. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे हे ओळखून त्याने स्वतःला बंद केलेले असते. कॅबिनेटचा चुकीच्या जागी बसलेला पितळी आधार बोर्डाच्या पाठीला टेकला, यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिन शेजारणीला भिडली, पावसाळ्यात उबेला आलेल्या पालीने नको तिथे जीव दिला, अशी कारणे असतात. अशा वेळी नवा एसएमपीएस आणून लावला तर तोही अर्धा फेरा घेऊन थांबतो, आणि मग पाळी बोर्डावर जाते. योग्य वाट उलटी आहे, आधी काढत जायचे. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, पुढचे यूएसबी, जास्तीची रॅम एकेक सोडवायची, प्रत्येक वेळी मेन स्विच बंद करून काही सेकंद थांबायचे, कारण एकदा अडलेले संरक्षण लगेच सुटत नाही. ज्या भागाला सोडवल्यावर पंखा फिरता राहिला, त्याच्याकडे वळायचे.

आता दुसरी वाट. पंखे फिरतात, पडदा काळा. इथे सप्लायचा प्रश्न संपला असे वाटते, पण अजून एक थांबा उरतो. प्रोसेसरला स्वतंत्र चार किंवा आठ पिनांचा १२ व्होल्टचा जोड लागतो. तो बसवायचा राहिला किंवा सैल झाला तर पंखे, दिवे सगळे झगमगतात आणि आत प्रोसेसर उपाशी असतो. घरी साफसफाई करून पुन्हा जोडलेल्या यंत्रांत हे हमखास पाहायचे ठिकाण. तो जोड नीट असेल तर मग प्रश्न बदलतो. सिग्नल कुठपर्यंत आला? चालू होताना बायोस एक आत्मपरीक्षा घेतो, आणि पडदा मिळण्याआधीच तिचा निकाल द्यावा लागत असल्याने जुन्या संगणकांत तो शिट्टीने दिला जाई. हे संकेत कंपनीगणिक वेगळे आहेत, ते पाठ करण्यात अर्थ नाही. आजकालच्या कॅबिनेटमध्ये तर तो इवलासा स्पीकरच दिलेला नसतो, आणि यंत्र मुके झाले म्हणून ते मेले असा समज होतो. स्पीकर नगण्य किमतीत मिळतो, आणि तो लावल्यावर एक कसोटी करता येते. सगळी रॅम काढून टाका आणि बटण दाबा. यंत्र ओरडले, तर बोर्ड जिवंत आहे, प्रोसेसर जिवंत आहे, बायोस वाचला जातो आहे आणि त्याला रॅम नसल्याचे कळले आहे. सर्वांत महाग असलेल्या दोन्ही भागांना केवळ एक वस्तू काढून निर्दोष ठरवता येते. नव्या बोर्डांवर शिट्टीऐवजी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. जो जळत राहिला तिथे तपास थांबलेला असतो. तीच गोष्ट न ओरडता सांगितलेली.

दुसरी कसोटी कीबोर्डवर आहे. पडदा काळा असताना नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो, म्हणजे आतले यंत्र जागे आहे, ऐकते आहे, आणि दोष फक्त दिसण्याच्या वाटेवर आहे. या वाटेवरचे बिघाड बहुतांशी फुकट दुरुस्त होणारे असतात आणि तरीही सर्वांत जास्त पैसे खातात. मॉनिटर एचडीएमआयवर आणि केबल व्हीजीएला. ग्राफिक्स कार्ड बसवलेले, पण केबल बोर्डाच्या पोर्टला. २०१९ पासून इंटेलने नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर काढले, त्यांत चित्र काढणारा भागच नाही. रायझनच्या २०१७ च्या पहिल्या पिढीतही तो नव्हता आणि नंतरच्याही अनेक प्रोसेसरांत नाही. अशा यंत्राच्या बोर्डावर एचडीएमआयचे पोर्ट मात्र दिमाखात असते, आणि तिथे केबल खोचणाऱ्याला आयुष्यभर काळोख मिळतो. डीडीआर ५ रॅमने यात नवीनच भर घातली. पहिल्यांदा चालू करताना किंवा बायोसची सेटिंग पुसल्यावर बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो, आणि काही यंत्रांत त्याला कित्येक मिनिटे लागतात. तोवर पडदा काळा. इथे बिघाड काहीच नसतो. अधीर माणूस दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि तासाभराने रॅम परत करायला निघतो.

यावर दुकानातला जाणता तंत्रज्ञ म्हणेल, एवढा विचार करायला वेळ कोणाला आहे? माझ्या खणात चालू स्थितीतली रॅम आहे, एसएमपीएस आहे, पाच मिनिटांत अदलून-बदलून बघतो, यंत्र चालू होते, गिऱ्हाईक खूश. हा आक्षेप हलका नाही. खात्रीचा पार्ट लावून पाहणे ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे, फक्त ती पूर्ण केली पाहिजे. रॅम बदलताना हाताने तीन गोष्टी होतात. जुनी निघते, स्लॉटमधली धूळ आणि ऑक्साइडचा थर खरवडला जातो, आणि नवी नीट दाबून बसते. यंत्र चालू झाले तर या तिन्हींपैकी कशाने झाले? श्रेय नव्या रॅमला मिळते, बिलही तिचेच होते. ती काढून जुनी पुन्हा त्याच स्लॉटमध्ये बसवून पाहण्याचे अर्धे मिनिट क्वचितच कोणी खर्च करतो. खोडरबराची कीर्ती याच गफलतीवर उभी आहे. तो घासल्याने जेवढ्या रॅम ‘बऱ्या’ होतात, त्यांतल्या कितीतरी नुसत्या काढून बसवल्यानेही झाल्या असत्या, आणि सोनेरी पट्टीवर रबराचा चुरा राहिला तर पुढच्या बिघाडाचे बी पेरले जाते ते वेगळेच. अदलाबदलीचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. एसएमपीएसची वाहिनी मर्यादेबाहेर गेली असेल, तर खात्रीची रॅम किंवा कार्ड त्या यंत्रात लावणे म्हणजे चांगला पार्टही बळी देणे. म्हणून पार्ट बदलण्याआधी व्होल्टेज मोजावे, आणि बदलल्यावर जुना परत लावून खात्री करावी. दोन्ही मिळून पाचाची आठ मिनिटे होतील. मुरलेला तंत्रज्ञ एकदम बिघाडावर बोट ठेवतो हे खरे, पण तो क्रम टाळत नाही, शेकडो यंत्रांवर तो क्रम करून झाल्यामुळे त्याला पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. नवशिक्या त्याचे बोट पाहतो आणि पायऱ्या सोडून देतो.

दुरुस्तीची पुस्तके साधारणपणे संगणकाच्या पेटीत सुरू होतात आणि तिथेच संपतात. या भागात ते पुरत नाही, कारण इथले कितीतरी ‘मृत’ डेस्कटॉप पेटीबाहेर मरतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांनी घराघरांत इन्व्हर्टर आणि यूपीएस आणले. एकलहऱ्यात २१० मेगावॅटचे तीन संच चालत होते, पण तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, शेजारच्या आळीत नव्हे, त्यामुळे दिव्याखाली अंधार ही म्हण तिथे अक्षरशः खरी ठरत असे. भारनियमन गेले, यूपीएस राहिले, आणि त्यांतली बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते हे कोणी लक्षात ठेवले नाही. अनेक स्वस्त यूपीएस बॅटरी पूर्ण मेल्यावर भिंतीत वीज असूनही चालू होत नाहीत, आणि टेबलाखालचा संगणक ‘गेलेला’ दिसतो. म्हणून पहिली तपासणी संगणकाची नसतेच. पॉवर केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावायची, तिथे दिवा किंवा मोबाइलचा चार्जर चालतो याची खात्री करून. अर्थिंगचीही तीच कथा. जुन्या चाळीत आणि बंगल्यात तिसरी पिन नुसती शोभेची असते. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर पत्र्याला फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये टांगून ठेवतात, म्हणजे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत असतात. करंट नगण्य असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण अशा पेटीची एचडीएमआय केबल चालू टीव्हीत खोचताना तेवढ्याने पोर्ट जळू शकते. मग तक्रार येते, ‘कालपर्यंत डिस्प्ले होता’.

हवामानाचाही हात असतो. निफाडचा पारा थंडीत कित्येकदा ५ अंशांखाली जातो आणि नाशिक रोडलाही डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगल्या गार असतात. एसएमपीएस आणि बोर्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. कपॅसिटर म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. परिणाम असा की सकाळी आठला न उठणारे यंत्र चार-पाचदा बटण दाबल्यावर उठते, दुपारी एका झटक्यात उठते, आणि तंत्रज्ञ आला की अगदी शहाण्यासारखे वागते. ही लहर नव्हे, हे लक्षण आहे, आणि ते कपॅसिटरकडे बोट दाखवते. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर लागलेले बोर्ड बाजारात आले होते, त्यांची फुगलेली डोकी उघड्या डोळ्यांनी दिसत. आजच्या बऱ्या बोर्डांवर घन कपॅसिटर असतात, पण स्वस्त एसएमपीएसच्या पोटात जुनाच प्रकार आहे. त्याच्या अंगावर ४५० वॉट छापलेले असले तरी १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचावेत, खरी कुवत तिथे कळते. वळवाच्या गडगडाटात मात्र वीज भलत्याच वाटेने येते. गच्चीवरून गच्चीवर ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून ती लॅन पोर्टमध्ये आणि तिथून बोर्डात शिरते. भिंतीवरचा स्विच बंद होता, मग बोर्ड कसा जळला, या कोड्याचे हे उत्तर.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि त्याला मी पूर्ण मान देतो. सामान्य माणसाच्या हाती स्क्रूड्रायव्हर देणे धोक्याचे नाही का? उत्तर पेटीच्या आतल्या एका सीमेवर अवलंबून आहे. एसएमपीएसच्या डब्याबाहेर येणारी प्रत्येक वायर १२ व्होल्ट किंवा त्याखालची आहे. केबल काढून तिथे हात घालायला भय नाही. डब्याच्या आत २३० व्होल्टचे डीसीत रूपांतर होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि केबल काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. म्हणून या पुस्तकात तो डबा उघडण्याची एकही सूचना नाही, आणि कोणी वाचकाने ती शोधूही नये. जुन्या डब्याच्या मागे ११५ आणि २३० असा लाल स्विच दिसला, तर तो २३० वरच आहे एवढे पाहावे. तो चुकून ११५ वर सरकवून भिंतीत लावला की आतले कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. लोक स्वतःच तपासू लागले तर दुरुस्तीवाल्यांनी काय खावे? यात मला तथ्य दिसत नाही. न पेटणाऱ्या यूपीएसपायी वाया गेलेली फेरी कोणालाच परवडत नाही, आणि जांभळ्या वायरवर पाच व्होल्ट आहेत, पंखा अर्धा फेरा घेतो, कार्ड काढल्यावर फिरतो, अशी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक अर्धे काम करूनच आलेले असते. चिप पातळीची दुरुस्ती, बायोस पुन्हा भरणे ही कामे राहतातच, आणि खरे कसब व खरा मोबदला त्यांतच आहे. महाराष्ट्रात संगणक साक्षरतेची कल्पना घडवली ती २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने. तिचा भर वापरावर होता, आणि त्या काळी तेच योग्य होते. लाखोंच्या हातांना माउसची सवय तिने लावली. वापरणाऱ्याला यंत्राच्या पाठीमागे काय आहे हे ठाऊक असण्याची पायरी त्यानंतरची, आणि ती अजून चढायची आहे. राहिला प्रश्न डेस्कटॉप कालबाह्य झाल्याचा. तो ज्याला जुना वाटतो त्याने लॅपटॉपची रॅम बोर्डालाच डकवलेली पाहावी. डेस्कटॉप हे सामान्य माणसाच्या टेबलावरचे बहुधा शेवटचे यंत्र आहे, ज्याचा प्रत्येक भाग साध्या स्क्रूने सुटतो आणि बाजारात सुटा मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकांवर जबाबदारी टाकतात, पण बटण बिघडले म्हणून भंगारात जाणारी पेटी ते अडवू शकत नाहीत.

पुढची प्रकरणे याच वाटेने मांडली आहेत. आधी भिंत ते एसएमपीएस, मग राखीव वाहिनी आणि बटण, मग शॉर्टचा शोध, मग आत्मपरीक्षा आणि शेवटी पडदा. वाचकाने ती पहिल्यापासून वाचावीत असा आग्रह नाही, पण आपले यंत्र कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवल्याशिवाय मधले प्रकरण उघडू नये. हार्ड डिस्कवर मात्र इथे फार थोडे सापडेल, आणि ते जाणूनबुजून. पंखा न हलणाऱ्या किंवा पडदा काळा राहणाऱ्या यंत्रात डिस्क क्वचितच दोषी असते. ती मेली तरी कंपनीचे चिन्ह किंवा बूट डिव्हाइस नसल्याचा संदेश पडद्यावर सहसा येतोच. अपवाद आतून शॉर्ट झालेल्या डिस्कचा, पण ती सोडवली की यंत्र लगेच उठते. एरवी दुकानाचे सगळे हिशेब, पत्रिकांचे नमुने, अर्जांच्या प्रती त्या डिस्कवर जशाच्या तशा असतात. ती सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्याच दिवशी काम सुरू करता येते. तेव्हा डिस्प्ले येत नसलेल्या यंत्रावर कोणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा उपाय सुचवला, तर पडदा दिसत नसताना तो मारणार कसा, एवढे शांतपणे विचारावे आणि डिस्क आपल्या ताब्यात घ्यावी.